वळणावरची लढाई आणि एक कान

नदीच्या तिसऱ्या वळणावर आलं की मास्तर वल्हं मांडीवर आडवं ठेवायचे, चष्मा काढायचे आणि घसा असा काही खाकरायचे की काठावरचे बगळे उडून जायचे. मग लढाई सुरू व्हायची.

"मंडळी, चारशे वर्षांपूर्वी याच पाण्यात शत्रूचे चाळीस घोडेस्वार उतरले. आणि त्यांना अडवायला काठावर कोण? तीन शेतकरी. हातात काय? नांगराचे फाळ!"

मागच्या होडीत बसलेली त्यांची धाकटी बहीण हे अकरा वर्षं ऐकत होती. पहिल्या वर्षी घोडेस्वार बारा होते. मध्यंतरी एका हंगामात पाहुणे फारच टाळ्या वाजवणारे भेटले, तेव्हा ते साठावर गेले होते. पण साठ घोडे एवढ्याशा नदीत मावणार कसे, असं एका गवंड्याने विचारल्यावर मास्तरांनी वीस घोडे गुपचूप माघारी पाठवले.

बहिणीला सगळे वल्हीताई म्हणायचे. वडील नावाडी होते, आणि ती सहा वर्षांची असल्यापासून तिच्या हातात वल्हं होतं. पुढे पूल झाला, नाव काठावर कुजली, वडील गेले. वल्हीताईने तीस वर्षं कांदे निवडायच्या शेडमध्ये काढली. मग लांबच्या एका तलावावरचा क्लब बंद पडला, तिथल्या तीन कनू विकायला निघाल्याचं तिच्या कानावर आलं, आणि तिने कोणाला न विचारता त्या टेम्पोत घालून आणल्या. आधी गावाला वाटलं, कनू नावाचा कोणी पाहुणा येणार आहे. दोघीतिघी तर त्याला बघायलाही आल्या. निमुळत्या, हलक्या, दोन माणसांच्या होड्या बघून त्यांची घोर निराशा झाली.

सहल अकरा किलोमीटरची. पुलापासून निघायचं, बंधाऱ्यापाशी उतरायचं. दोन्ही बाजूंना शेतं. पहिल्याच आठवड्यात शहरातल्या एका गृहस्थाने विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे?" वल्हीताईने खरं ते सांगितलं. "मका." तो गृहस्थ पुन्हा फिरकला नाही. तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले मास्तर म्हणाले, "उद्यापासून मी येतो. तू नुसतं वल्हव."

मास्तरांची लढाई चालली, आणि लढाईच्या जोरावर सहल चालली. वळणावर एक काळा दगड होता, त्यावर तीन उभ्या रेघा आणि खाली एक गोल. मास्तर सांगायचे, तीन रेघा म्हणजे तीन वीर, गोल म्हणजे सूर्य. काठावर ज्यांचं कांद्याचं शेत, त्या घराला सगळे 'कानतुटे' म्हणायचे, कारण त्यांच्या पणजोबांना एकच कान होता. मास्तर म्हणायचे, त्यांच्या घराण्यातल्या मूळ पुरुषाचा कान शत्रूच्या तलवारीने गेला. हल्लीच्या आबा कानतुट्यांना दोन्ही कान शाबूत होते, फक्त ऐकू एकानेही येत नव्हतं. त्यामुळे आपल्या घराण्याचा पराक्रम अकरा वर्षं त्यांच्या बांधावरून वाहत होता, आणि त्यांना पत्ता नव्हता.

खरी गोष्ट बहीणभावाला वडिलांकडून ठाऊक होती. एका पुरात नदीने पात्र बदललं, आणि या गावचं भोपळ्यांचं शेत सकाळी उठून बघतात तर पलीकडच्या काठाला. भोपळे कोणाचे? पेरले यांनी, उभे त्यांच्या हद्दीत. दोन गावं तीन दिवस भांडली. कानतुट्यांचा कान त्यात गेला, तोही कोणीतरी चावून. आणि शेवटी भांडण मिटवलं ते या बहीणभावाच्या पणजीने. ती नाव चालवायची. तिने नाव मधोमध नांगरली आणि ठणकावलं, समेट झाल्याशिवाय एकाही माणसाला पार नेणार नाही. वडील हे सांगताना दर वेळी डोळे पुसायचे, आणि वल्हीताईची मान ताठ व्हायची.

तर अशा सगळ्या व्यवस्थित चाललेल्या खोटेपणात वारसा समितीचं पत्र आलं. समितीचे अध्यक्ष स्वतः येणार, वळणाची पाहणी करणार, आणि 'त्या तीन अनाम वीरांच्या स्मरणार्थ' तिथे धातूचा फलक लावणार.

मास्तरांनी पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा उभं राहून वाचलं.

"दादा, आता सांगून टाक," वल्हीताई म्हणाली. ती होडीचा तळ घासत होती.

"काय सांगू?"

"की घोडेस्वार नव्हते. भोपळे होते."

"भोपळे!" मास्तरांनी तो शब्द असा उच्चारला, जणू कोणा पोराने परीक्षेच्या पेपरात तो उत्तर म्हणून लिहिलाय. "अगं, भोपळ्यांसाठी कोणी फलक लावतं का?"

"मग चावलेल्या कानासाठी लावतील."

"तुला थट्टा सुचतेय. वर्षानुवर्षं इथून पाणी वाहून गेलं, या गावाचं नाव कोणी काढलं नाही. आता कुठे काढतायत."

"खोटं काढतायत."

"काढतायत ना!" मास्तर म्हणाले, आणि पत्र इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवून आले, सुरकुती पडू नये म्हणून.

ठरल्या दिवशी सकाळी नऊला पुलापाशी मोटार थांबली. अध्यक्षांनी पांढरे बूट घातले होते. नदीवर पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल वल्हीताईचं मत पहिल्या नजरेत ठरलं. फलक आधीच ओतून आणला होता. मोटारीच्या मागच्या सीटवर तो रजईत गुंडाळून आजारी माणसासारखा निजवला होता. अध्यक्षांबरोबर एक किडकिडीत बाई होत्या, जिल्ह्याच्या जुन्या कागदांचं दफ्तर सांभाळणाऱ्या. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ही भिजेल का?"

"तुम्ही माझ्या होडीत बसा, म्हणजे नाही भिजणार," वल्हीताई म्हणाली.

अध्यक्ष मास्तरांच्या होडीत पुढे बसले. ड्रायव्हर मोटार घेऊन आबांच्या शेताकडे गेला. नदी संथ होती. काठावरचे पंप पाणी ओढत होते, एक गाय पाण्यात पाय बुडवून विचार करत होती, आणि मास्तर पहिल्या वळणापासूनच सुटले होते. गायीकडे बोट दाखवून त्यांनी तिच्या जातीचाही इतिहास सांगितला. अध्यक्षांनी मान डोलावली की होडी डोलायची.

मागच्या होडीत दफ्तरवाल्या बाई पिशवी उराशी धरून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तुमचं घराणं पहिल्यापासून नावेवर?"

"सात पिढ्या," वल्हीताई म्हणाली. "माझी पणजी एकटी नाव चालवायची. मोठी बाई होती."

"हं," बाई म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर नीट घेतली.

तिसरं वळण आलं. मास्तरांनी चष्मा काढला. त्या दिवशी ते जे बोलले तसं आधी कधी बोलले नव्हते. घोडे फुरफुरले, पाणी लाल झालं, तिसऱ्या वीराने मरताना मूठभर माती छातीशी धरली. ही माती नवीन होती. वल्हीताईचंही वल्हं क्षणभर थांबलं, आणि त्याचा तिला रागही आला. अध्यक्ष तर ढसाढसा रडायच्या बेतात होते.

"मला त्यांना वंदन करू द्या!" असं म्हणून ते होडीत उभे राहिले.

"बसा!" वल्हीताई ओरडली.

कनूत उभं राहिलं की काय होतं हे सांगायला इतिहास लागत नाही. पांढरे बूट वर गेले, अध्यक्ष खाली गेले, आणि त्यांच्या मागोमाग मास्तर 'आणि तेव्हा' एवढंच म्हणून पाण्यात दिसेनासे झाले.

"मी बुडतोय!" अध्यक्ष हातपाय मारत ओरडले.

"उभे राहा!"

"बुडतोय म्हणतोय मी!"

"अहो, उभे राहा, म्हणजे बुडणार नाही!"

ते उभे राहिले. पाणी कमरेला होतं. मास्तर थोड्या अंतरावर आधीच उभे होते, डोक्यावर शेवाळ, आणि चिखलात चष्मा चाचपत होते.

चौघं आबांच्या पंपाच्या खोलीत गेले. खोली गरम होती, इंजिन धडधडत होतं. आबांनी ओल्या पाहुण्यांच्या अंगावर कांद्याची रिकामी पोती टाकली. अध्यक्ष पोतं पांघरून उपड्या बादलीवर बसले तरी अध्यक्षच दिसायची धडपड करत होते.

"आबा!" ते म्हणाले. "तुमच्या घराण्याच्या शौर्याबद्दल ऐकलं!"

"काय?" आबांनी इंजिन बंद केलं. त्याने त्यांना जास्त ऐकू येणार होतं असं नाही, पण शिष्टाचार म्हणून.

"शौर्य! लढाई! घोडेस्वार!"

"हां, घोडे!" आबांना लिंक लागली. "हे मास्तर गेल्या आठवड्यात आले होते. घोड्यांचं काहीतरी सांगत होते, कोणी विचारलं तर हो म्हणा म्हणून. मला वाटलं, विकायचेत. मी सांगितलं, मला घोडे नकोत. मी ठेवू कुठे?"

मास्तर चष्म्याच्या काचा पुसायला लागले. पुसायला कोरडं काहीच नव्हतं, तरी पुसत राहिले.

"पण तुमच्या पूर्वजांचा कान?" अध्यक्ष आबांच्या कानाशी जाऊन ओरडले. "तलवारीने गेला ना?"

"कुठली तलवार! चावला. पलीकडच्या गावचा न्हावी. दात फार चांगले होते म्हणे त्याचे."

मग दफ्तरवाल्या बाई, आवाज जराही न चढवता, मास्तरांना म्हणाल्या, "ही चाळीस घोडेस्वारांची हकीकत तुम्हाला कुठे मिळाली?"

आणि इथे वल्हीताईने असं काही केलं, की नंतर कित्येक दिवस तिचं तिलाच नवल वाटत राहिलं. अकरा वर्षं ती ज्या थापेला नावं ठेवत होती, तीच थाप तिने पोटाशी धरली.

"आमच्या वडिलांनी सांगितली," ती म्हणाली. "त्यांना त्यांच्या वडिलांनी. आमच्या घरात पूर्वीपासून आहे. आबांना वयोमानाने आठवत नसेल."

"मला सगळं आठवतं," आबा म्हणाले. नेमकं तेवढंच त्यांना ऐकू आलं होतं.

मास्तरांनी बहिणीकडे पाहिलं. ओल्या केसांतून एक थेंब त्यांच्या नाकावर आला, तो त्यांनी पुसला नाही.

"नाही," ते म्हणाले. "तिला खोटं बोलता येत नाही, उगाच प्रयत्न करतेय. मी रचली."

"रचली?" अध्यक्ष म्हणाले.

"चौथीच्या वर्गात. इतिहासाचं पुस्तक संपलं होतं. एका मुलीने विचारलं, मास्तर, आपलं गाव कितव्या पानावर आहे? मी पुस्तक मागून पुढे चाळलं, पुढून मागे चाळलं. पोरं बघतायत. मी म्हटलं, ते पान छापायचं राहिलंय, मी सांगतो. आणि सांगितलं. तास संपल्यावर मुलं छाती काढून घरी गेली. मका खुडणाऱ्यांची पोरं! दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवून शाळेत गेलो, तर वर्गाने फळ्यावर तीन वीर काढून ठेवलेले. पुसायला हात उचलेना." त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "मग सवय लागली."

"अहो, पण फलक ओतून झालाय!" अध्यक्ष कळवळले. वीर नव्हते याचं दुःख त्यांना होतंच, पण धातूचं जास्त होतं.

दफ्तरवाल्या बाईंनी पिशवी उघडली. आत आणखी एक पिशवी, तिच्यात फाइल, तिच्यात जुन्या कागदाची नक्कल. "मी तीन महिने हेच शोधत होते," त्या म्हणाल्या. "अध्यक्षांना सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना वेळ नव्हता. वाचू?"

एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा तो जबाब होता. पुराने बदललेलं पात्र, भोपळ्यांचं शेत, तीन दिवसांची मारामारी, न्हावी, कान, सगळं त्यात होतं. वल्हीताई पाठ भिंतीला टेकवून ऐकत होती. आता पणजी येणार म्हणून तिने पदर सारखा केला.

पणजी आली.

"'तिसऱ्या दिवशी,'" बाई वाचत होत्या, "'दोन्ही गावचे लोक एकमेकांच्या उरावर बसले असता, नावाडणीने संधी साधून एकोणीस भोपळे नावेत भरले व नदीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. काठाला ये म्हटले असता येईना. तेव्हा दोन्ही गावांनी आपसातले भांडण सोडून एकत्र फिर्याद केली, ती येणेप्रमाणे.'"

मग पोत्याखालून एक आवाज आला. मास्तर हसत होते. आधी खांदे हलले, मग पोतं हललं, मग ते कांद्याच्या ढिगाऱ्यावर आडवे झाले. "समेट!" ते म्हणाले. "समेट केला म्हणे! पणजीने!"

"दादा, गप्प बस."

"एकोणीस! वडील डोळे पुसायचे!"

"कागद खोटा असेल," वल्हीताई म्हणाली. तिचे कान तापले होते.

"दोन्ही गावांचे मिळून बत्तीस अंगठे आहेत खाली," बाई म्हणाल्या, जरा ओशाळून. "पण खरं सांगू का, भांडण मिटलं ते त्यामुळेच."

"आणि दगडावरचा सूर्य?" अध्यक्षांनी शेवटची आशा धरली. प्रश्न आबांपर्यंत पोचवायला तिघांना ओरडावं लागलं.

"रेघा होय? त्या माझ्या बापाने केल्या, विळ्याला धार लावून लावून. गोल बादलीचा."

अध्यक्ष आता पांढरे न उरलेले बूट हातात घेऊन मोटारीत बसले आणि काच वर केली. पण पाहुणे नदीवर होते तेव्हाच आबांनी ड्रायव्हरच्या मदतीने फलक उतरवून घेतला होता. आपल्याला भेट आणलीय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि ती दूर करण्याइतका घसा कोणाचाच उरला नव्हता. आता तो पंपाच्या खड्ड्यावर झाकण म्हणून आहे. वीरांची बाजू खाली केलीय, कारण वर असली की पाय घसरतो.

त्यानंतर तीन दिवस मास्तर नदीवर आले नाहीत. वल्हीताईने एकटीने सहली केल्या. खरी हकीकत सांगायची असं तिने ठणकावून ठरवलं होतं. पहिल्या दिवशी पूर सांगितला, भोपळे सांगितले, कान सांगितला. पाहुणे पोट धरून हसले. "मग मिटलं कसं?" एकीने विचारलं.

"एक नावाडीण होती," वल्हीताई म्हणाली. "तिने नाव मधोमध उभी केली." आणि तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशीही तिथेच थांबली. तिसऱ्या दिवशी तर तिच्या तोंडून 'समेट झाल्याशिवाय पार नेणार नाही' हे वाक्य आपोआप बाहेर पडलं, वडिलांच्याच आवाजात, आणि पाहुण्यांपैकी एका म्हातारीने डोळे पुसले.

त्या दिवशी बंधाऱ्यावरून ती घरी न जाता सरळ मास्तरांकडे गेली. ते खिडकीशी बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते, निदान पेन हातात होतं.

"दादा, उद्या ये."

"कशाला? मी आता काय सांगणार?"

"मी खोटं सांगायला लागलेय."

मास्तरांनी पेन ठेवलं. "किती दिवस?"

"तीन."

"कसं वाटतं?"

"बरं वाटतं रे," ती वैतागून म्हणाली. "तेच तर!"

मास्तरांनी उठून तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. अकरा वर्षांत कधी सरकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते आले, पण वाईट बोलले. जबाबाची नक्कल हातात धरून शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी वाचून दाखवली. एक पाहुणा होडीतच पेंगला. हळूहळू सुधारले. आता मंगळवार आणि गुरुवार ते जिल्ह्याच्या दफ्तरात जातात, किडकिडीत बाईंच्या समोरच्या टेबलावर बसतात आणि धुळीने शिंकत शिंकत कागद उलगडतात. नदीकाठच्या बेडकांच्या आवाजाविरुद्ध एका वकिलाने केलेला अर्ज त्यांना मिळाला. पूल बांधणाऱ्या मुकादमाने पळवून नेलेली नवरी मिळाली, तिने नंतर मुकादमालाच सोडल्याचंही मिळालं. एकोणीस भोपळ्यांची गोष्ट तर ते अशी रंगवून सांगतात, की पलीकडच्या गावची माणसं मुद्दाम तिकीट काढून ऐकायला येतात, आणि तेवढा वेळ वल्हीताई त्या सगळ्यांच्या नजरा चुकवून पाण्याकडे बघत बसते.

मागच्या आठवड्यात सहलीत एक लोहार होता, चौकस माणूस. पाचव्या वळणाच्या पुढे काठावर दगडी पायऱ्या आहेत, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या गवतात. कुठून येत नाहीत, कुठे जात नाहीत. त्याने बोट दाखवलं.

"मास्तर, इथे काय झालं होतं?"

मास्तरांनी पायऱ्यांकडे पाहिलं. चष्मा काढला. घसा खाकरला. मागच्या होडीत वल्हीताईने वल्हं घट्ट धरलं.

"माहीत नाही," मास्तर म्हणाले.

बरं नाहीये की काय हे बघायला वल्हीताईने होडी त्यांच्या शेजारी आणली. ते ठणठणीत होते. गुरुवारी दफ्तरात शोधायचं म्हणून पायऱ्या मोजत होते, आणि सात झाल्यावर चुकून पुन्हा पहिलीपासून सुरू झाले.